तिसऱ्या टाकीतली ओ

पेला अर्धा रिकामा झाल्यावर मल्लेशच्या ध्यानात आले, की हे घर आपले नव्हे. पाण्याला वाळ्याचा वास होता. दिपाली माठात वाळा घालत नाही. त्या एका मंद, ओलसर गंधाने त्याला जाग आणली. एरवी तो कदाचित तसाच आडवा होऊन झोपीही गेला असता, कारण बाकीचे सारे तेच होते. कुंभारी रस्त्यावरच्या त्या वसाहतीत विडी कामगारांची हजारो घरकुले एकाच मुशीतून ओतल्यासारखी उभी आहेत. पिवळट भिंती, निळे पत्र्याचे दार, दारालगत पाण्याचे पिंप, आत शिरताच उजव्या हाताला खाटेपुरती जागा आणि समोर ओट्याची अर्धी भिंत. नळाच्या तोटीत घालायचे वायसर आणायला म्हणून तो दुपारी नाक्यावर गेला होता. परतताना उन्हाने डोळे दिपले होते. पायांनी वळणे घेतली, हाताने कडी सरकवली, उंबऱ्याशी चपला सुटल्या आणि तो खाटेवर बसला. खाली सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईची कात्री विडीची पाने कापीत होती. तो कर्रकर्र आवाज त्याच्याही घरात दिवसभर चालूच असतो. बाईने उठून पाणी दिले, ते त्याने मान वर न करता घेतले. आता त्याने मान वर केली. बाई म्हातारी होती आणि तिच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूची साय धरली होती.

"माठ नवा हाय," ती म्हणाली. "गार लागतंय न्हवं?"

क्षमा मागणारे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होते. आजी, चूक झाली, घर चुकलो. या वसाहतीत असे कुणाचे ना कुणाचे होतच असते; बायका हसतात, वाट दाखवतात आणि पुढे वर्षभर थट्टा करतात. पण म्हातारी तोवर भिंत धरीत ओट्याआड गेली होती, आणि तिकडून तिने हाक मारली, "मंजुनाथ!"

"ओ," मल्लेश म्हणाला.

ती ओ त्याच्या तोंडून निघाली आणि त्याने पेला खाली ठेवला. जहाजावरून परतल्यापासून आठवडा उलटून गेला होता, आणि तेवढ्या काळात त्याने कुणाच्याही हाकेला ओ दिलेली नव्हती. दिपाली हाक मारी आणि तो नुसता येऊन उभा राही. "अवो, जिवंत हायसा का न्हाई ते तरी कळू द्या की," ती म्हणे. "ओ म्हणायला काय जकात पडतीया?" तो हसून वेळ मारून नेई. हाकेला उत्तर देणे ही केवढी जोखमीची गोष्ट आहे, हे त्या भल्या बाईला कसे सांगावे? माणसाने आयुष्यात सहस्र वेळा दिलेला तो एक स्वर. त्यात ना नाव, ना गोत्र, ना देणाऱ्याची काही खूण. तो कुणाचाही असू शकतो. आणि इथे, एका परक्या घरात, परक्या नावाला, तो किती सहज निसटला होता! जणू इतके दिवस तो याच हाकेची वाट पाहत होता.

एकाच आराखड्यावरून बांधलेल्या जहाजांना दर्यावर्दी लोक बहिणी म्हणतात. मल्लेश ज्या तेलवाहू जहाजांवर पंपमन होता, त्या चार बहिणी होत्या. हेलिऑन ईस्ट, वेस्ट, नॉर्थ आणि साउथ. पृथ्वीचा भार चार दिशांना पेलून धरणाऱ्या दिग्गजांसारख्या त्या चौघी. एकेकीच्या डेकवर त्याच्या गल्लीतली पहिल्यापासून शेवटपर्यंतची सारी घरे मांडली, तरी पुढच्या टोकाला, नाळेपाशी, पोरांना खेळायला जागा उरली असती. तेलाने भरल्यावर त्या पाण्यात इतक्या खोल बसत, की सुएझच्या कालव्यात त्यांना मार्ग नसे. आफ्रिकेला वळसा घालूनच जावे लागे. एवढा थोरला आकार, पण आत माणसे दोन डझनांच्या आसपास. जेवणघरापासून पंपांच्या खोलीपर्यंत चालत जाताना पुष्कळदा वाटेत कुणीच भेटत नसे. मल्लेशची पहिली बहीण ईस्ट. तिच्यावर त्याने इतकी वर्षे काढली, की तिच्या झडपांची चाके त्याचे हात झोपेतही फिरवीत. तेलाच्या बाजारात मोठ्या जहाजांचे दिवस फिरले, तशा नॉर्थ आणि साउथ कुठल्याशा सामुद्रधुनीत नांगरून नुसत्या तेलाच्या कोठ्या म्हणून उभ्या राहिल्या. ईस्ट भंगारात निघाली. भरतीबरोबर तिला किनाऱ्यावर चढवले आणि ऑक्सिजनच्या ज्वाळांनी तिचे पापुद्रे कापले. त्यानंतर मल्लेशला वेस्टवर पाठवण्यात आले.

वेस्टवर पहिले पाऊल टाकले, तेव्हा त्याला आनंद वाटला होता. काहीच शिकावे लागले नाही. जिन्याच्या कठड्यावर हात गेला, तिथे कठडा होता. त्याच्या कोठडीतले कपाट तेच, खिडकीतून दिसणारी तीच डोलकाठी. पण बिछान्यावर पडला, तो गादीत आधीच एक खोलगट ठसा होता आणि तो त्याच्या खांद्यांना, कमरेला, टाचांना तंतोतंत जुळला. त्याच्या आधीचा पंपमन बिभीषण नावाचा होता, वैरागचा. तो त्या जहाजाच्या तिसऱ्या टाकीत वारला होता आणि त्याच्या रिकाम्या जागी मल्लेशला घेतले होते.

ही माहिती त्याला सारंगाने दिली. डेकवरच्या खलाशांचा मुकादम तो सारंग. त्याचे नाव कुंडलिक, राहणारा उजनी धरणाच्या फुगवट्याकाठचा. बाप मासे धरी. पोरगा बोटीवर चढला तो थेट समुद्रात गेला, आणि मग जिल्ह्यातली पुष्कळ पोरे त्यानेच जहाजांवर माणसे भरणाऱ्या एजंटाकडे लावून दिली. बिभीषणही त्याचाच माणूस. टाकी रिकामी झाली, धुऊन झाली, ताज्या वाऱ्याने भरली, वायूच्या मीटरने तपासली, की मग एकजण आत उतरतो आणि एकजण वर तोंडापाशी बसतो. वायरलेस असतोच, पण त्या लोखंडी पाताळात तो मधूनच मुका होतो. म्हणून कुंडलिकने आपल्या गावची रीत चालवली होती. विहिरीत गाळ काढायला उतरलेल्या माणसाला काठावरचा माणूस नाव घेऊन हाक मारतो, आणि ओ आली नाही, की काहीही न विचारता बाकीचे दोर बांधून धावतात. "यंतर फसवंल," तो म्हणे. "नाव घेऊन हाक मारली, की माणूस फसवीत न्हाय." त्याच्या हाताखालून गेलेल्या पोरांनी ती रीत चारही बहिणींवर नेली होती.

"पर फसिवलं की रं," कुंडलिक मल्लेशला सांगत होता. दोघे दुपारच्या चहाला डेकवर पाइपांच्या सावलीत बसले होते, आणि समुद्र ओतलेल्या शिशासारखा निश्चल होता. "म्या हाक मारली, 'बिभीषण!' खालनं ओ आली. पुन्यांदा मारली, पुन्यांदा आली. लांबनं आली, पर आली. म्हनून मी चिलीम वडल्यावानी निवांत बसलो. मग मातर आली न्हाय. गेलो खाली. लोखंडाच्या पापुद्र्याखाली कुटं वायू दडलेला व्हता, त्यानं निजवला बघ त्याला. शिडीच्या पायथ्याशीच. उतरल्या उतरल्या गेला, आसं डागदर म्हनला. अंग आखडाय लागलं व्हतं. मग तू मला सांग मल्लेश, माजी दुसरी हाक झाली तवा ह्यो मेल्याला व्हता. ओ कुनी दिली?"

मल्लेशने चहा खाली ठेवला. "कधीची गोष्ट ही?"

"येळवस व्हती. त्याच्यामुळंच ध्यानात हाय. बिभीषण सकाळधरनं भज्जी आन् आंबिलाचं नाव काढीत व्हता, रानात समदी जेवाय बसली असतील म्हनून. म्या म्हनलं, आवस हाय, उद्या उतर. हसला. म्हनला, दर्यात कसली आवस?"

वेळ अमावास्येचा तो दिवस मल्लेशलाही पक्का आठवत होता. त्या सकाळी दिपालीचा फोन लागला होता. ती पायलला घेऊन मैंदर्गीला मैत्रिणीच्या रानात चालली होती, कडब्याच्या कोपीत पांडव म्हणून पाच दगड मांडतात, त्यांच्यापुढे जेवायला. फोनवर वाऱ्याचा आवाज होता आणि पायल ज्वारीत शिरून दिसेनाशी झाली म्हणून बायका हसत होत्या. त्यानंतर तो ईस्टवर, आफ्रिकेच्या टोकाजवळ, तिसऱ्या टाकीत उतरला होता. पाचसहा मजले खोल काळोख, हातातल्या दिव्याचा एवढासा पिवळा गोल, पायाखाली तेलाचा ओशट थर, आणि वर टाकीचे तोंड एखाद्या दूरच्या चंद्राएवढे. तिथे आवाज जन्मतो तो मरत नाही. भिंतीभिंतींना टेकत फिरत राहतो. त्या फिरत्या आवाजांतून त्याला एक हाक ऐकू आली होती. नाव त्याचे नव्हते. वरचा माणूस नाव चुकला असेल असे त्याला वाटले, आणि हाक वाया जाऊ नये एवढ्याच सौजन्याने तो मोठ्याने 'ओ' म्हणाला. हाक पुन्हा आली. त्याने पुन्हा ओ दिली. वर आल्यावर त्याने तोंडापाशी बसलेल्या पोराला विचारले. पोरगा म्हणाला, मी तुम्हाला मल्लेशभाऊच म्हणालो, आणि तेही एकदाच.

ही गोष्ट त्याने कुंडलिकपासून लपवून ठेवली. दोन जहाजांमध्ये एक अख्खा महासागर होता. बुद्धीला विचारले तर बुद्धी हसली असती. पण लहानपणी सिद्धेश्वराच्या देवळात एका वृद्ध शास्त्र्यांनी सांगितलेला दृष्टान्त त्याच्या मनातून जाईना. घटातले आकाश आणि बाहेरचे आकाश वेगळे नाही. घट दोन दिसतात म्हणून आकाश दोन होत नाही. शास्त्रीबुवांनी ते मोक्षासाठी सांगितले होते. ऐकणाऱ्या बायकांनी हात जोडले होते. मल्लेशला मात्र वेस्टच्या खोलगट गादीत पडल्या पडल्या वाटे, की तिसरी टाकी एकच आहे. चार बहिणींच्या चार पोटांत ती एकच पोकळी आहे. आपण त्या पोकळीत उभे राहून दुसऱ्याच्या नावाला उत्तर दिले, आणि त्या उत्तरावर विसंबून वरचा माणूस बसून राहिला. मग ईस्ट कापली गेली तेव्हा ती पोकळी कुठे गेली? ती तर कापता येत नाही.

"जेवून घे," ओट्याआडून येत म्हातारी गुरम्मा म्हणाली. तिचे नाव त्याला तेवढ्यात कळले होते; शेजारची गोजाबाई दारातून डोकावली होती.

"गुरम्मा, कोन आलंय गं?"

"मंजुनाथ आलाय."

"मंजुनाथ व्हय?" गोजाबाईने उन्हातून आत पाहिले, कपाळावर हाताचा आडोसा धरला. मल्लेशने चेहरा तिच्याकडे केला. ही बाई म्हणेल, हा कुठला मंजुनाथ, आणि सारे सुटेल. "आलास का बे शेवटी?" गोजाबाई म्हणाली. "सुरतेच्या यंत्रमागांनी सोडलं म्हनायचं. तुज्या म्हातारीनं डोळं घालवलं वाटंकडं बघून. आन् काय रं, वाळलास किती!" ती तंबाखूची चिमूट दाढेखाली धरून निघूनही गेली.

ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याचे भरीत असे ताट पुढे आले. वाढलेल्या ताटावरून उठणे हा अन्नब्रह्माचा अपमान, हे संस्कार त्याच्या हाडांत होते. दोन घास खावेत, पाया पडावे, आणि मग सांगावे. असे ठरवून त्याने भाकरी मोडली. म्हातारी समोर बसली होती. तिची दृष्टी त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती, पण हात त्याच्या गुडघ्यावर होता. त्या हाताला तंबाखूचा वास होता आणि त्यात एक अशी निःशंक माया होती, की मल्लेशने हातातला घास परत ताटात ठेवला. त्याच्या स्वतःच्या घरात या आठवड्यात कुणी त्याला इतके निःशंक मानले नव्हते.

दिपाली मानी, पण दिपालीचे मानणे हे समजूतदारपणाचे होते. पायल मानत नव्हती. घरातल्या तेलुगूत बापाला नान्ना म्हणतात. पायलचा नान्ना फोनमध्ये राहत होता. रोज संध्याकाळी काचेवर उगवे, खडखडत बोले, मधेच थिजे आणि विझे. हा जो दाढीवाला गृहस्थ पिशव्या घेऊन दारात उतरला, त्याच्याकडे तिने कुतूहलाने पाहिले, त्याने आणलेला फ्रॉक घेतला, आणि आईला विचारले, "नान्नाचा फोन आज येणार की न्हाई?" दिपाली हसून लोटपोट झाली. शेजाऱ्यापाजाऱ्यांत तो विनोद झाला. मल्लेशही हसला. पण तेव्हापासून पायलने त्याला एकदाही हाक मारली नव्हती. काही हवे असले तर ती आईला सांगे, "त्यांना सांग." आणि आज संध्याकाळच्या आत त्याला एजंटाच्या माणसाला, शिवराजला, उत्तर द्यायचे होते. वेस्ट महिनाअखेरीस निघणार होती. या वेळी सही केली तर पुन्हा सबंध वर्ष. नाही म्हटले तर समुद्राची वाट कायमची बंद. शिवराजने ते स्पष्ट सांगितले होते. मल्लेशने मनाशी एक पण केला होता, लहान मुले करतात तसा. पायलने आपण होऊन हाक मारली, तर जायचे नाही. मोठा माणूस एवढ्याशा पोरीच्या ओठांवर आपले आयुष्य टांगून ठेवतो, हे त्याला हास्यास्पद वाटे. पण टाकीत उतरलेल्याला आपण आहोत की नाही, हे दुसऱ्या कशावरून कळणार? वरून कुणीतरी आपले नाव घेते, त्यावरूनच.

"अजून अर्धी घे," गुरम्मा म्हणाली.

बाहेर शाळा सुटल्याचा गलका झाला. एकाच रंगाचे गणवेश दारावरून निळ्या ओघासारखे वाहत गेले. मग त्या गलक्यातून दिपालीचा आवाज जवळ आला. तो मल्लेशने लगेच ओळखला. "वायसर आणाया गेलंय माणूस का वायसर करायला गेलंय? अगं पायल, तुझ्या नान्नाच्या चपला दिसत्यात का बघ कुठल्या दारात. न्हाईतर हाक मार की जरा मोठ्यानं!"

"कुठल्या नान्नाला?" पायलचे ते विचारणे अगदी साधे होते.

"कुठल्या म्हंजे? किती हायती तुला?"

मल्लेशचा हात ताटात थांबला. आता ती हाक मारील. आईने सांगितले म्हणून का होईना, मारील. तो कान देऊन बसला, टाकीच्या तळाशी बसावे तसा. उंबऱ्यावर सावली पडली. दारात पायल उभी होती, पाठीवर दप्तर, केसांची एक वेणी सुटलेली. तिने आत पाहिले. तिची नजर त्याच्यावर थांबली. निदान त्याला तरी तशी वाटली. त्याच्या हातात भाकरीचा तुकडा होता आणि गुडघ्यावर एका म्हातारीचा हात. त्याने हसायचा प्रयत्न केला. पायल मान वळवून म्हणाली, "इथं न्हाईत. इथं दुसरेच जेवायलेत."

सावली उंबऱ्यावरून निघाली.

बाहेर रणरणते ऊन आणि आत अंधार. पोरीचे डोळे दिपले असतील. हा विचार त्याने केला, आणि तो खरा असण्याचाही संभव होता. पण विचार पुरा होण्याआधी तो उठला होता. आयुष्यात प्रथमच तो वाढलेल्या ताटावरून उठला. गुरम्माचा हात गुडघ्यावरून घसरून जमिनीवर पडला आणि तिथेच उताणा राहिला. "मंजुनाथ?" ती म्हणाली. त्याने ओ दिली नाही. "आजी," तो म्हणाला, "मी मल्लेश. मी चुकून आलो." म्हातारीचा चेहरा मुळीच बदलला नाही. "व्हय, व्हय," ती म्हणाली, "मंजुनाथ बी आसंच म्हनायचा." आणि तिने उरलेल्या भाकरीवर दुसरे ताट झाकले.

तो अनवाणीच बाहेर आला. गल्ली दोन्ही बाजूंना सारखीच लांब होती. तीच दारे, तीच पिंपे, एका ओळीत वाळत घातलेली लुगडी. दिपाली दिसत नव्हती. पोरांचा ओघ घराघरांत जिरून गेला होता आणि वसाहत एकाएकी निःशब्द झाली होती. खिशात फोन थरथरला.

"मल्लेशदादा, शिवराज बोलतोय. काय ठरलं? लिस्ट पाठवायचीये मला. मल्लेशच ना?"

"होय. मल्लेश," तो म्हणाला. ते नाव उच्चारताना त्याला श्रम पडले. "मी येणार नाही."

"विचार केलात ना? परत नाव घालता येणार नाही हां."

"केला. काढून टाका नाव."

फोन खिशात गेला. पणाची अट पुरी झाली नव्हती. पायलने हाक मारली नव्हती. तरीही तो राहिला होता, आणि या विचाराने त्याला एक विलक्षण हलकेपणा आला. इतके दिवस तळाशी बसून तो वरच्या हाकेची वाट पाहत होता. हाक मारण्याचे काम वरच्याचे असते आणि वरचा आता आपण आहोत, हे त्याला त्या उन्हात, तापलेल्या मातीवर पाय भाजत असताना कळले. त्याने दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले. वर्षानुवर्षे जे नाव त्याने केवळ काचेकडे बघून हळू आवाजात घेतले होते, ते त्याने सारा प्राण गोळा करून मोकळ्या आकाशात सोडले.

"पायल!"

हाक गल्लीच्या त्या टोकापर्यंत गेली आणि भिंतीभिंतींना टेकत परत फिरली.

"ओ!" डाव्या हाताच्या एका घरातून आले. "ओ!" त्याच्या पलीकडून. आणि मग मागच्या ओळीतून, जरा लांबून, तशीच पातळ, तशीच किनरी तिसरी, "ओ!"

मल्लेश ऐकत राहिला. त्याने डोळे मिटून घेतले आणि एकेक स्वर पुन्हा मनात उच्चारून पाहिला. त्यांतली आपल्या मुलीची ओ कोणती, ते त्याला सांगता येईना.